नऊ नंबरचा पोरगा

आमच्या घरात कपडे धुण्याचं खातं माझ्याकडून कायमचं काढून घेतलं गेलं, त्याला कारण आइस हॉकी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा ऑकलंडला, अवोन्डेलमध्ये राहायचो. मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, बायको नलिनी हॉस्पिटलात नर्स आणि एकुलता एक निखिल सतरा वर्षांचा. माझं नाव राजाराम. इथल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं ‘राज’ करून टाकलं. तेव्हापासून माझ्यात राम उरलेला नाही.

निखिल आइस हॉकी खेळायचा. आमच्या सात पिढ्यांनी बर्फ पाहिला तो उसाच्या रसात. हा त्यावर पायांना सुऱ्या बांधून पळायचा! ज्या देशात झाडून सगळी पोरं रग्बी खेळतात, तिथे आमच्या चिरंजीवांनी नेमका असा खेळ शोधला होता, की जो बघायला खेळाडूंच्या आईबापांशिवाय कुत्रंही फिरकत नसे. (आईबापसुद्धा हीटरजवळची जागा मिळाली तरच!)

एके दिवशी निखिलच्या कोचने, मरेने, सगळ्या पालकांना जमवून बातमी दिली. डग नावाचा एक कॅनेडियन गृहस्थ ऑकलंडला मुलीकडे येणार होता. तिकडच्या एका व्यावसायिक संघासाठी होतकरू पोरं हेरून ठेवणं हे त्याचं काम. ‘आधी पोरांच्या खेळाची व्हिडिओ टेप पाठवा, त्यातला कुणी आवडला तर प्रत्यक्ष येऊन पारखीन,’ असा त्याचा निरोप होता.

“पारखून काय करणार?” मी विचारलं.

“ड्राफ्ट!” मरे म्हणाला.

म्हणजे असं, की तिकडचे मोठे संघ दर वर्षी एका सभागृहात जमतात आणि आळीपाळीने एकेक पोरगा उचलतात. आपण शाळेत आट्यापाट्यांचे गडी वाटून घ्यायचो ना, तसंच. फक्त कोट घालून.

घरी येईपर्यंत माझ्या मनात निखिल ड्राफ्टमध्ये पहिला आला होता, टीव्हीवर त्याची मुलाखत झाली होती आणि तीत त्याने बाबांचे आभारही मानले होते.

“अहो, आधी त्याची परीक्षा होऊ द्या,” नलिनी म्हणाली. “आणि त्याला विचारलंत का?”

“विचारायचं काय त्यात?”

“विचारायचं असतं,” असं म्हणून ती ड्यूटीला निघाली. जाता जाता दारातून ओरडली, “टीमच्या जर्सी धुवायची पाळी आपली आहे या आठवड्यात! गार पाण्यात टाका. आणि ड्रायर लावू नका हं!”

मी दिवसभर लोकांना बजावणारा माणूस, की बाटलीवरच्या सूचना नीट वाचा. सूचना दुसऱ्यांसाठी असतात. मी पाणी कडकडीत ठेवलं आणि वर ड्रायर लावला.

बाकीच्या जर्सींवरचे आकडे शिवलेले होते, ते वाचले. पण दोन जर्सी नव्या होत्या आणि त्यांच्या पाठीवरचे आकडे नुसते चिकटवलेले. ड्रायर उघडला तर ते दोन आकडे तळलेल्या कुरडयांसारखे वळून तळाशी पडलेले! एक जर्सी होती आमच्या निखिलची, नंबर नऊ. दुसरी टामाची, नंबर सहा. टामा म्हणजे निखिलचा जिवलग मित्र. आठवड्यातले निम्मे दिवस तो आमच्याच टेबलावर वरणभात जेवायचा आणि मला ‘अंकल राज’ म्हणायचा. त्याची आई मरामा बस चालवायची. उंचीने माझ्याहून वीतभर जास्त. हसली की खिडक्यांची तावदानं वाजायची.

आकड्यांना इस्त्री करून मी सुईदोरा घेतला. जर्सी टेबलावर पसरली, गळा माझ्या पोटाकडे, म्हणजे उजेड नीट पडतो. मग निखिलच्या जर्सीवर नऊ आणि टामाच्या जर्सीवर सहा, असे एकेक टाका मोजून लावले. घड्या घातल्या आणि बॅगेत भरून टाकल्या. इतकं सुबक काम, की नलिनीला सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर ड्रायरचंही सांगावं लागलं असतं!

शनिवारी मॅच. रविवारच्या बाजारातून हौसेने आणलेला जुना व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेऊन मी काचेला नाक लावून उभा राहिलो. आइस हॉकीत माणूस दिसत नाही. डोक्याला हेल्मेट, तोंडाला जाळी, अंगात गाद्या. त्यात काचेवर माझ्याच श्वासाची वाफ. पण आपल्याला काय, नऊ नंबर धरून ठेवायचा!

आणि काय खेळला हो नऊ नंबर! ती काळी रबरी चकती त्याच्या काठीला जणू चिकटलेली. चार जणांमधून वळसे घेत गेला आणि गोल! मला इतकं भरून आलं, की मी कॉमेंट्रीही सुरू केली. डगला कळावी म्हणून इंग्रजीत. (इथे मराठीत देतो, कारण ते इंग्रजी आता मलाही ऐकवत नाही.)

“हा पाहा माझा मुलगा, नऊ नंबर! काय वेग! आमच्या घराण्यातच आहे ते!”

थोड्या वेळाने: “हा सहा नंबर सारखा मध्ये मध्ये करतोय. पोरगा स्वभावाने चांगला आहे, पण डोकं वाटताना देवाने हात आखडता घेतलेला दिसतो.”

मग: “सहा नंबर परत पडला! याला घरी जेवायला घालतात की नाही?”

आणि शेवटी, अगदी समजूतदार सुरात: “दोष पोराचा नसतो. आईबापांनी वळण लावायला हवं होतं.”

मॅच संपताच टेप तशीच पाकिटात घालून, वर आमचा फोन नंबर लिहून कॅनडाला रवाना केली. पुन्हा लावून बघायची गरजच वाटली नाही; मी प्रत्यक्ष होतो ना तिथे!

काही आठवड्यांनी फोन वाजला. डग ऑकलंडला पोहोचला होता.

“तुमचा तो नऊ नंबर,” तो म्हणाला, “फार वर्षांत असा पोरगा पाहिला नाही. मला त्याला भेटायचंय. घरच्यांनाही.”

मी फोन ठेवला आणि लगेच उचलून पुण्याला दादाला लावला. दादाने सगळ्या सोसायटीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. समोरच्या डेअरीवाल्याने तर काउंटरवरून हात पुढे करून माझंच अभिनंदन केलं, आणि मी ते घेतलंही!

निखिल तेवढा गोंधळला होता. “बट बाबा, त्या मॅचमध्ये मी रबिश खेळलो. एकही गोल नाही.”

“विनय!” मी नलिनीला म्हणालो. “बघ, विनय! मोठी माणसं दिसतं त्याच्या पलीकडचं बघतात.”

रविवारी दुपारी डग घरी आला. टामा आणि मरामालाही मी मुद्दाम बोलावलं होतं. आपल्या भाग्याला साक्षीदार नकोत का? डग म्हणजे शांत, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. नलिनीने कांदेपोहे केले होते. कुणी कुणाला बघायला येणार म्हटलं, की तिचे हात आपोआप कांदे चिरायला लागतात.

डगने प्रश्न सुरू केले. आईवडिलांची उंची किती? पोरगा झोपतो किती? चिडतो का? हरल्यावर काय करतो? आमच्याकडे मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा इतक्या खोलात जात नाहीत! निखिलने तोंड उघडायच्या आत मी उत्तरं देत होतो.

“भात मोजकाच खातो. हरतच नाही, त्यामुळे चिडायचा प्रश्न येत नाही!”

डगने कोपऱ्यातली हॉकीची काठी निखिलच्या हातात दिली. “धर बघू जरा.”

निखिलने धरली. डगच्या कपाळाला आठी पडली.

“टेपमध्ये तर हा डावखुरा होता.”

“दोन्ही हातांनी खेळतो!” मी ठोकून दिलं. “पाहुण्यांसमोर उजवा हात वापरायची आमच्यात पद्धत आहे.”

लहानपणी तो खोटं बोलला की मी त्याच्याकडे जसं बघायचो, तसं निखिलने माझ्याकडे पाहिलं.

डगने बॅगेतून टेप काढली आणि आमच्या व्हीसीआरमध्ये सरकवली. पडद्यावर नऊ नंबर वळसे घेत निघाला. मी खुर्चीत सरसावून बसलो. मग माझा आवाज आला. नऊ नंबरचं घराणं झालं, वेग झाला. आणि सहा नंबर सुरू झाला.

डोकं वाटताना देवाने हात आखडता घेतला, इथपर्यंत मरामा हसत होती. मग तिचं हसू थांबलं. सहा नंबर म्हणजे तिचा टामा, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. कॅमेऱ्यामागे उभं राहिल्यावर मात्र ते मी साफ विसरलो होतो!

“याला घरी जेवायला घालतात की नाही?” टीव्हीतला मी विचारत होतो.

मरामाने हातातली बशी हळूच टेबलावर ठेवली. मी रिमोट शोधायला लागलो. रिमोट डगच्या हातात होता आणि त्याने आवाज वाढवला! माझे उच्चार त्याला नीट कळत नव्हते म्हणे.

“आईबापांनी वळण लावायला हवं होतं,” टीव्हीतला मी म्हणाला. अगदी स्पष्ट.

“राज,” मरामा सावकाश म्हणाली, “माझ्या पोराला मी काय वळण लावायला हवं होतं, ते आता सांग. मी बसलेय.”

तेवढ्यात निखिल उठला.

“आँटी, ही इज नॉट टॉकिंग अबाउट टामा. तो सहा नंबर मी आहे.”

“तू नऊ आहेस!” मी ओरडलो.

“बाबा, तुम्ही नंबर उलटे शिवले होते. कॉलरच्या आत आमची नावं आहेत ना, ती बघून आम्ही जर्सी घातल्या. बाहेर आलो तर मी सहा आणि टामा नऊ! बदलायला वेळ नव्हता. आणि... इट वॉज फनी. आय थॉट तुम्हाला माहितेय. तुम्हीच शिवले ना!”

जर्सीचा गळा माझ्या पोटाकडे होता, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. माझ्या बाजूने बघितलं तर दोन्ही आकडे अगदी बरोबर होते! जगाच्या बाजूने मात्र ते डोक्यावर उभे, म्हणजे इंग्रजी नऊचे सहा आणि सहाचे नऊ.

मग टामाला पोह्यांचा ठसका लागला. आणि मरामा हसली. तावदानं वाजली, कपबशा वाजल्या, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. “म्हणजे जेवायला घालत नाहीत तो हा! वळण नाही तो हा!” असं म्हणत तिने निखिलला कवेत घेतलं.

“अहो, स्वतःच्या पोराला ओळखलं नाहीत?” नलिनी मराठीत म्हणाली.

“हेल्मेट होतं!”

“पडणं बघायचं की! हुबेहूब तुमच्यासारखा पडतो तो!” मग ती डगकडे वळली आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाली, “तुम्ही ज्याला बघायला आलात तो हा, टामा. बघा, चमचा डाव्या हातात आहे. तो आमच्याकडेच जेवतो निम्मे दिवस, त्यामुळे झोपेचं आणि भुकेचं मीही सांगू शकते. आणि हरल्यावर तो गप्प बसतो, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी रिंकवर जातो. यांच्याकडे लक्ष देऊ नका. थोडे पोहे घ्या.”

डगने घेतले. दोनदा.

दुसऱ्या दिवशी रिंकवर टामाची पारख ठरली. गाडीत मी आणि निखिल दोघंच होतो.

“निखिल, ते सहा नंबरबद्दल मी जे...”

“इट्स ओके, बाबा. यू वर राइट. मी खरंच सारखा पडत होतो.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “मला कॅनडाला जायचंच नव्हतं. पण तुम्ही हॅपी होतात ना. हीप्स हॅपी, ढीगभर. मग कसं सांगणार?”

मी वायपर चालू केले. पाऊस नव्हता.

रिंकवर मात्र मी या वेळी नंबर न बघता पोराकडे बघितलं. टामा पुढे, उलटा, गोल फिरत, डगच्या शिट्टीसरशी सुटत होता आणि थांबत होता. डग काही बोलत नव्हता, पण मिशा हलत होत्या. निखिल कठड्यावरून घसा फुटेस्तोवर ओरडत होता, “गो टामा!” पुढे ड्राफ्टमध्ये काही टामाचं नाव आलं नाही. पण डगने त्याला तिकडच्या तरुण पोरांच्या एका संघात जागा मिळवून दिली आणि पोरगा चार हिवाळे कॅनडात खेळून आला. निखिल इथेच फिजिओथेरपिस्ट झाला. आता पडलेल्यांना उभं करतो.

डग परत जायच्या आधी मरामाने सगळ्यांना जेवायला बोलावलं. मेंढीचं मटण होतं, भाजलेले कुमरा, म्हणजे इथली रताळी होती, नलिनीची पुरणपोळी होती. (डगने ती मटणाच्या रश्श्याबरोबर खाल्ली; आम्ही पाहुण्याला बोललो नाही.) जेवण झाल्यावर मी धीर करून विचारलं, “डग, एवढी वर्षं माणसं पारखताय. आमच्या घरातही काही दिसलं असेल ना? ड्राफ्टमध्ये उचलावं असं?”

“एक आहे,” तो म्हणाला. “गडबडीत डोकं थंड. नजर पक्की. खोटं बोलत नाही. पहिल्या फेरीत उचलला असता.”

मी शर्टाची कॉलर सारखी केली.

“युअर वाइफ,” डग म्हणाला.

सगळे हसले. पण मीही काही कच्चा नाही! मी छाती फुगवून म्हणालो, “मग माझीही पारख बघा! वीस वर्षांपूर्वी मी एका नजरेत निवडली हिला!”

नलिनीने पोळीवर तूप वाढता वाढता, डगला नीट कळावं म्हणून, सावकाश इंग्रजीत सांगितलं, “माझ्या वडिलांनी त्या रविवारी तीन मुलगे बोलावले होते. पहिल्या दोघांची एसटी चुकली.”