जावईबापूंचा पासवर्ड

देवाने माणसाला दोन डोळे दिले ते एकाने जग बघायला आणि दुसऱ्याने त्या जगावर पाळत ठेवायला, अशी ज्याची ठाम समजूत आहे असा माणूस साऱ्या ऑस्ट्रेलियात एकच असेल, आणि तो नेमका आमचा जावई झाला. "आई, मुलगा ऑस्ट्रेलियन आहे, कॉम्प्युटरमध्ये काम करतो," असं लेकीने कळवलं तेव्हा गंगापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगीत नुसती खळबळ. परदेशचा जावई, त्यातून कॉम्प्युटरवाला, म्हणजे काय काय वस्तू घेऊन येईल! आला तेव्हा त्याच्या हातात बटणांचा फोन होता, मनगटावर किल्लीचं घड्याळ आणि खिशात घडी घातलेला नाशिकचा कागदी नकाशा. समोरच्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, "अहो, आमच्या कामवालीकडे ह्याहून बरा फोन आहे हो." मी वरवर हसले, पण मनात म्हटलं, बाई गं, लेकीने हे काय ध्यान गळ्यात बांधून घेतलं!

दर हिवाळ्यात दोघं दोन महिने इथे येतात आणि वरच्या खोलीत बसून कामं करतात. जावईबापूंनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे काय मागितलं असेल? टिकली. लेकीसाठी असेल म्हणून मी पाकीट दिलं, तर ह्या गृहस्थाने एक टिकली लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर, एक लेकीच्या फोनवर आणि एक आमच्या नव्या टीव्हीच्या कपाळावर लावली. "ह्याचा डोळा बंद," म्हणाला. आमच्या ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हे म्हणजे माझे यजमान. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यापासून ह्यांना एकच वेड, नवीन काही निघालं की मागवायचं. आपोआप फिरून घर झाडणारी एक चकती ह्यांनी जावयावर छाप पडावी म्हणून मुद्दाम आणली होती. जावईबापू तिच्यामागून वाकून वाकून घरभर हिंडले आणि म्हणाले, "बाबा, ही झाडत नाही, ही घराचा नकाशा काढते. तुझा पलंग कुठे, कपाट कुठे, सगळं तिला माहीत." त्या दिवसापासून चकती बाल्कनीत उलटी पडून आहे. केर काढायला पुन्हा आमची कामवाली आहेच. तिला पलंग कुठे ते पंधरा वर्षांपासून माहीत आहे, त्याचं कोणाला काही नाही.

सकाळी मी ओट्याशी असले की हा चहाचा कप घेऊन येतो, मटार सोलायला बसतो आणि जगातल्या यंत्रांच्या बातम्यांवर निकाल देत सुटतो. मराठी तो लेकीचं ऐकून शिकला, त्यामुळे मला सरळ 'तू' म्हणतो. आधी अंगावर काटा यायचा, आता 'तुम्ही' म्हणाला तर काहीतरी बिनसलंय असं वाटेल. "आई, नवा फ्रीज आला. त्याला इंटरनेट आहे. दुधाला बातम्या वाचायच्या आहेत का?" दुसऱ्या दिवशी, "आई, नवा चष्मा आला. चष्म्यात कॅमेरा. समोरचा माणूस तुला बघतो की रेकॉर्ड करतो, कळणार नाही." मी म्हटलं, "आमच्या बिल्डिंगीत सगळं चष्म्याशिवायच रेकॉर्ड होतं." ह्यावर तो अर्धी वाटी मटार संपेपर्यंत हसला. गोदाघाटावर नेलं, तर तिथे नऊवारी नेसलेली एक मुलगी रीलसाठी तीच गिरकी पुन्हा पुन्हा घेत होती आणि दर वेळी नव्याने हसत होती. जावईबापू बराच वेळ बघत राहिले. "सगळे नदीकडे पाठ करून उभे आहेत," म्हणाले. "मग नदी कोण बघतो?" मिसळ खायला गेलो तर वेगळाच तमाशा. टेबलावर मेनू नाही, चौकोनी नक्षीचा एक कागद चिकटवलेला. वेटर म्हणाला, "स्कॅन करा सर, मोबाइल नंबर टाका, मेनू येईल." ह्याने खुर्ची मागे सारली. "मिसळीला माझा नंबर कशाला? ती मला फोन करणार आहे?" शेवटी मालक स्वतः आले आणि हात जोडून तोंडाने मेनू म्हणून दाखवला. काय, तर मिसळ आणि ताक!

हे सगळं सांगताना मी अगदी साधीभोळी वाटत असेन, पण तसं काही नाही. दुधवाल्याचं दूध मी अजून बोटावर थेंब घेऊन बघते, आणि कांदेवाला गोणीत वर मोठे नि खाली बारके भरतो म्हणून गोणी उलटी करूनच घेते. तो चांदवडचा कांदेवाला एकदा जावयासमोरच म्हणाला, "काकू, लय शंका घेता राव तुम्ही. तीस वर्षं झाली, अजून भरवसा नाय?" जावईबापू माझ्याकडे अशा कौतुकाने बघत होते, जणू त्यांना परक्या मुलखात आपलं माणूस भेटलं. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून म्हटलं, "तुम्ही दोघं सख्खे मायलेक. ह्या घरात जावई असलो तर मीच."

तेव्हापासून आमचं मेतकूट जमलं. एकदा फोनवर पैठणीची जाहिरात आली. येवल्याची, अस्सल रेशीम, आणि भाव असा की वाचूनच भूल पडावी. माझं बोट बटणावर जाणार एवढ्यात जावईबापूंनी फोन घेतला, फोटो मोठा केला आणि पदरावरच्या मोराकडे बोट दाखवलं. मोराला तीन पाय! "आई, हा मोर कोणी विणला नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने येवल्याला गेलो. साडी मी तासाभरात पसंत केली, पण हा माणूस मागावर बसलेल्या विणकराशेजारून हलेना. धोटा इकडून तिकडे जातोय, एकेक धागा बसतोय, आणि हा मांडी घालून बघतोय. विणकर म्हातारा हसून म्हणाला, "पाव्हणं, काय चूक सापडली का?" जावईबापू म्हणाले, "नाही. हे पहिलं मशीन आहे, काही लपवत नाही." परतीच्या गाडीत त्यांनी मला दुसरं तत्त्वज्ञान सांगितलं. फोनचे नंबर फोनमध्ये ठेवू नयेत, डोक्यात ठेवावेत. मग रोज पोळ्या लाटताना माझ्याकडून स्वतःचा ऑस्ट्रेलियातला नंबर पाढ्यासारखा घोकून घेतला. चुकले की पहिल्यापासून.

आता पासवर्डाचं सांगते. अधिक महिना आला, धोंड्याचं जेवण करायचं म्हणून आम्ही दोघांना मुद्दाम बोलावून घेतलं. जावयाला पाट, रांगोळी, चांदीचं ताट, तेहतीस अनारशांचं वाण, सगळं साग्रसंगीत. बिल्डिंगीतल्या बायका जमल्या आणि मलाच धरून बसल्या, नाव घे, नाव घे! मी आढेवेढे घेतले, मग म्हटलं,

"तेहतीस अनारसे तळले, खसखस लावली दाट,
वसंतरावांचं नाव घेते, जावयाला मांडला पाट."

जावईबापूंचा अनारसा तोंडाशीच राहिला. "आई, बाबाचं नाव वसंतराव आहे?" लग्नाला चार वर्षं झालेल्या जावयाने हे विचारावं! लेकीने समजावलं, की आई बाबांचं नाव कधी तोंडाने उच्चारत नाही. हाक मारायची तर 'अहो', सांगायचं तर 'हे', आणि फॉर्मवर लागलं तर लिहून देते. नाव फक्त उखाण्यात. जावईबापूंनी अनारसा खाली ठेवला. हल्ली यंत्रं माणसाचा हुबेहूब आवाज काढून घरच्यांना फसवतात ही बातमी त्यांना बरेच दिवस पोखरत होती. ते म्हणाले, "मशीन तुझा आवाज कुठून शिकणार? तू फोनवर बोलतेस त्यातून. पण हे नाव तू फोनवर कधीच बोलली नाहीस. आणि नावाआधी तू थांबलीस, खाली बघितलंस. मशीनला नाव घेता येईल, लाजता येणार नाही." झालं, त्या दिवसापासून आमच्या घरचा पासवर्ड ठरला.

दर रविवारी दुपारी फोन यायचा. मी "हॅलो" म्हटलं की पलीकडून पहिला प्रश्न, "आई, पासवर्ड?" आणि दर वेळी उखाणा नवा हवा, कारण जुना कोणीतरी ऐकला असेल! मी आठवडाभर यमकं जुळवत बसायची. "कॅमेऱ्यावर लावली टिकली लालेलाल, वसंतराव म्हणतात, जावयाचीच कमाल." मग पलीकडून शिक्का मारल्यासारखं उत्तर, "ओके. आईच आहे." हे शेजारी पेपर वाचल्याचं सोंग करत असायचे, पण नाव आलं की पेपर हलायचा. चाळीस वर्षांत ह्यांनी माझ्या तोंडून स्वतःचं नाव जेवढं ऐकलं नसेल तेवढं त्या एका वर्षात ऐकलं. शनिवारी हळूच विचारायचे, "झाला का गं उद्याचा तयार?"

मागच्या वर्षी गणपती उठले आणि त्या आठवड्यातच एका सकाळी ह्यांच्या छातीत कळ आली. समोरच्या बाईंनी गाडी काढली, आम्ही दवाखाना गाठला, ह्यांना आत नेलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटचं नाव?" मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि कागदावर लिहून दिलं. सवय बघा. डॉक्टर म्हणाले, लेकीला बोलावून घ्या. फोन तर घरी ओट्यावर राहिलेला. सिस्टरचा मागून घेतला आणि डोक्यात होता तो एकच नंबर लावला. जावईबापूंनी उचलला. मी म्हटलं, "मी आई बोलतेय. ह्यांना बरं नाही, दोघं ताबडतोब निघा." त्याने विचारलं, "हा नंबर कोणाचा?" "सिस्टरचा." आणि मग हळूच, "आई, पासवर्ड?"

माझ्या डोक्यात अशी सणक गेली म्हणून सांगू! इथे माझा माणूस काचेपलीकडे, आणि ह्याला उखाणा सुचतोय! 'मेल्या' अगदी ओठांवर आलं होतं, जावई आहे म्हणून गिळलं. आणि तेवढ्यात ऐकू आलं, त्याचा आवाज थरथरत होता. अनोळखी नंबर, रडका आवाज, ताबडतोब निघा, म्हणजे हुबेहूब तो सांगायचा तसला फसवणुकीचा फोन. आयुष्यात पहिल्यांदा तो देवाकडे मागत असेल की समोरचं सगळं खोटं निघू दे. मला फार वाईट वाटलं त्याचं. त्या भरल्या दवाखान्यात, माणसं बघत असताना, भिंतीला टेकून मी म्हटलं,

"दवाखान्याच्या दारात उभी, देवा राख लाज,
वसंतरावांचं नाव घेते, निघा तिथून आज."

बाकावर सुरगाण्याकडची एक बाई बसली होती. तिने सरकून मला जागा केली. फोनमध्ये तो म्हणाला, "आईच आहे." आणि पुढचं "निघतो" त्याला नीट म्हणताही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दोघं पोहोचले. हे शुद्धीवर होते. लेक ह्यांच्या गळ्यात पडून रडली, आणि जावईबापू पलंगापाशी उभे राहून त्या उड्या मारणाऱ्या हिरव्या रेषेच्या यंत्राकडे संशयाने बघत राहिले. ह्यांनी नळ्यांमधून हात वर केला. "जावईबापू," म्हणाले, "लावा त्याला एक टिकली." आणि त्या वेड्याने खरंच शर्टाच्या खिशातून टिकलीचं पाकीट काढलं! हे इतके हसले की सिस्टर धावत आली. ह्यांचं ते हसणं मी शेवटचं पाहिलं. चौथ्या दिवशी हे गेले.

दिवसवार झाले, मुलं परत गेली, रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले. पण आता "हॅलो" म्हटलं की पलीकडून "आई, जेवलीस का?" विचारतात. पासवर्ड नाही. सगळ्या जगावर संशय घेणारा माणूस माझ्यावर एकदम डोळे मिटून विश्वास ठेवायला लागला. त्याचं चुकलं नाही. नवरा गेला की बाईचे उखाणे बंद, हे कोणी तोंडाने सांगत नाही, नुसतं विचारायचं थांबतात. बिल्डिंगीतल्या बायकाही थांबल्या. कोणी 'काका' म्हणतं, कोणी 'साहेब', लेक 'बाबा' म्हणते. ते नाव मात्र घरात कोणी घेईना. चाळीस वर्षं मी ते ठेवणीतल्या पैठणीसारखं जपलं, सणावारीच काढलं, आणि आता काढायला निमित्तच उरलं नाही. रडू त्याचंच यायचं, दुसऱ्या कशाचं नाही.

पाचसहा रविवार मी सोसलं. मग एका रविवारी मला राहवलं नाही. "जेवलीस का?" ऐकल्यावर मी म्हटलं, "जेवण राहू दे. जावईबापू, मी खरंच आई आहे कशावरून?"

"आई, तुझाच आवाज आहे."

"आवाज यंत्रालाही काढता येतो, तुम्हीच शिकवलंत. संशय सुटला वाटतं तुमचा? विचारा."

पलीकडे लेक काहीतरी कुजबुजली, त्याने तिला थांबवलं. खोकला. मग त्याच्या त्या मोडक्या मराठीत, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "आई, पासवर्ड?"

उखाणा मी शनिवारीच जुळवून ठेवला होता. चांगलं यमक होतं, पण ऐन वेळी एक शब्द आठवेल तर शपथ. शेजारची खुर्ची रिकामी होती, पेपर घडी न मोडता पडला होता. मी थांबले, नेहमी थांबते तशी. खाली बघितलं. मग नुसतं नावच घेतलं.

"वसंतराव."



"ओके," तो म्हणाला. "आईच आहे."