प्लास्टरच्या आऱ्याला नारळ

तमाम जनतेस कळविण्यात येते की, ज्याच्या शौर्याच्या गोष्टी वैशाखऱ्यापासून धसईपर्यंत ऐकू येतात (सांगणारा मीच असतो), असा एक वीर पुरुष नव्वदीच्या दशकाअखेरीस शहापूरच्या एका दवाखान्यात, पिशवीतला नारळ घट्ट धरून लटलट कापत उभा होता.

कारण माझी लेक. जन्मल्यावर तिला रडायला उशीर झाला, मेंदूला इजा झाली आणि पाय ताठ राहिले. भिंतीला धरून चवड्यांवर चालायची; टाचा जमिनीला टेकतच नसत. पोटऱ्या हळूहळू ताणल्या जाव्यात म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पायांना प्लास्टर घातलं. निघताना कंपाउंडर सहज म्हणाला, "काढायला काय, छोटा गोल आरा असतो."

सहज! अहो, मी मुरबाडला लाकडाच्या वखारीत ओंडके कापायच्या गोल आऱ्यावरच कामाला होतो. नवं पातं बसवलं की आधी त्याच्यापुढे नारळ फुटायचा. नाहीतर पातं रक्त मागतं, असं आम्ही मानायचो. एकदा घाईत नारळ राहिला आणि माझी करंगळी गेली. आता चिरायला घेतलेल्या प्रत्येक ओंडक्यात मला पोरीची पोटरी दिसू लागली. घरी येऊन बायकोला नकला करून हसवायचो, पण रात्री उठून पोरीचं प्लास्टर चाचपत बसायचो.

प्लास्टर काढायचा दिवस आला. लेक टेबलावर, बायको तिच्या उशाशी. कंपाउंडरने बटण दाबलं. वखारीतलाच आवाज, फक्त बारीक.

"थांबा!" मी ओरडलो. "याला नारळ दिलाय का?"

"कशाला?" डॉक्टरीणबाई.

"अवो बाई, पात्याला!" मी नारळ फोडायला जागा शोधू लागलो.

बायको दात आवळून म्हणाली, "गप ऱ्हावा वो. लोकं बघतात."

बाईंनी यंत्र हातात घेतलं आणि चालू पातं सरळ स्वतःच्या तळहाताला लावलं. किंकाळी मी फोडली. त्यांचा हात शाबूत. "हे पातं फिरत नाही, नुसतं थरथरतं," त्या म्हणाल्या. "कडक असेल तेवढंच कापतं. कातडीला काही होत नाही."

ऐकलं. डोळ्यांनी पाहिलंही. पण जिथे करंगळी नव्हती, तिथे मला ठणकायला लागलं. प्लास्टरचा पांढरा भुगा उडाला. तो लाल झालेला बघायची माझ्यात हिंमत नव्हती. नारळ छातीशी धरला आणि डोळे मिटले.

आवाज थांबला. पाय धुवायला पाणी ओतल्याचं ऐकू आलं, मग तिला खाली उतरवल्याचं. त्यानंतर खोलीत कोणी बोलेचना. वखारीत अशी शांतता कोणाचं तरी काहीतरी तुटल्यावरच पडायची.

तेवढ्यात माझा लेंगा ओढला गेला. एकेक शब्द लांबवत बोलणारी माझी पोर बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "बाबा, डोले उघड! टाच टेकली! फोड ना आता नारल!"