वायपरकाकांचा माड

सर्व सभासदांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपल्या सोसायटीच्या इतिहासात संगणकाला दम खायला लावणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो विमा कंपनीतला निवृत्त कारकून होता. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांनी मोबाइल बंद करून, लहान मुलांना मांडीवर घेऊन शांतपणे ऐकावं. मागच्या रांगेतली कुजबुज थांबवावी. गेटसमोरची पांढरी गाडी मात्र आधी हलवावी.

माफ करा, सवय आहे. आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत माइक माझ्याकडे असतो. लग्न होऊन इथे आले त्या वर्षी नेहमीच्या निवेदिकेचा घसा बसला होता, म्हणून मी एका आरतीपुरता माइक हातात घेतला. तो अजून सोडलेला नाही. त्या माइकवरून मी देवाखालोखाल कुणाचं नाव घेतलं असेल, तर ते वायपरकाकांचं. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं आणि ते तिथेच राहिलं.

काका दरवर्षी गणपतीपुढे हलता देखावा करायचे, आणि त्यातली हलणारी प्रत्येक वस्तू मोडीत निघालेल्या गाड्यांच्या वायपरच्या मोटरवर हलायची. भांडुपच्या भंगारवाल्यांपासून नाहूरच्या गॅरेजवाल्यांपर्यंत सगळे त्यांच्यासाठी मोटरी काढून ठेवत. आम्ही नवी गाडी घेतली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. काकांनी पेढा खाल्ला, खाली येऊन गाडीला एक चक्कर मारली, पुढच्या काचेपाशी वाकले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "छान आहे. किती वर्षं वापरणार?" नवरा खूश होऊन म्हणाला, दहा तरी. काकांचा चेहरा पडला.

देखावा दरवर्षी एकच असायचा, कोकणातलं त्यांचं गाव. रहाटावर पाणी ओढणारी बाई, भात कांडणाऱ्या दोघी, मान हलवणारा बैल. पण सगळी गर्दी व्हायची ती माडाखाली. माडावर एक प्लास्टरचा गडी सरसर चढायचा, शेंड्यापाशी जाऊन थांबायचा, चांगला मिनिटभर थांबायचा, आणि मग कोयता हलायचा, नारळ धप्पकन खाली पडायचा, पोरं टाळ्या वाजवायची. तो वर थांबून काय करतो, हा आमच्याकडे मोठा चर्चेचा विषय होता. पोरं दरवर्षी विचारायची आणि काका दरवर्षी वेगळं उत्तर द्यायचे. कधी तो समुद्रात कुणाची होडी दिसते का बघतो, कधी शेजारणीच्या खळ्यात कसले पापड वाळत घातलेत ते बघतो. एकदा मी एकटीने विचारलं तेव्हा ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मोटर तापते गं. तिला थांबवली नाही तर जळते."

मग एका वार्षिक सभेत काकांची जिन्याखालची खोली गेली. त्या खोलीत वर्षभर बैल, बाया आणि माड झोपायचे. समितीला तिथे कॅमेऱ्यांची यंत्रणा बसवायची होती. सचिव सचिन, वय पस्तीस, नोकरी कॉम्प्युटरची, चेहऱ्यावर कायम पुढची मीटिंग. त्याने सुचवलं की पुतळे आता कुणाला तरी देऊन टाकावेत आणि देखाव्याचं काम कंत्राटदाराला द्यावं. काका उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून सचिन म्हणाला, "काका, आता सगळं वेबवर असतं. एक लिंक पाठवली की माणूस अमेरिकेतून देखावा बघतो, बोट लावतो, हलवतो. त्याला खोली लागत नाही."

"मग मी वेबवर करतो," काका म्हणाले.

सभा हसली. काका हसले नाहीत. शेवटी ठराव असा झाला की गणपतीपर्यंत काकांचं गाव वेबवर हललं तर ते लावायचं, नाहीतर कंत्राटदार. सूचक म्हणून मी हात वर केला. अनुमोदक मिळेना, म्हणून अनुमोदन काकूंनीच दिलं. सूचक मुख्यतः गंमत बघायला उत्सुक होती, हेही इतिवृत्तात यायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी काका माटुंग्याच्या फुटपाथवरून एक उशीएवढं जाड पुस्तक घेऊन आले. वेबवर हलणारी, बोट लावलं की प्रतिसाद देणारी चित्रं कशी करावीत आणि त्यांना हुकूम देणारी स्क्रिप्ट कशी लिहावी, हे त्यात पहिल्यापासून होतं. काकांनी त्याला खाकी कव्हर घातलं. वर शाळेच्या वहीसारखं लेबल चिकटवलं, नाव लिहिलं आणि इयत्तेच्या जागी 'पहिली' लिहिलं. रोज सकाळी आंघोळ करून ते गॅलरीत बसत आणि पुस्तक मोठ्याने वाचत. इंग्रजी पुस्तकाचं, पण सूर पोथीचा आणि हेल मालवणी. दूधवाल्याने एकदा काकूंना विचारलं, घरात कसलं पारायण चाललंय. काकू म्हणाल्या, "चातुर्मास लावलाय. उद्यापनाला तुलाही बोलावते."

अर्धं पुस्तक झाल्यावर कळलं की ते ज्या सॉफ्टवेअरचं आहे ते केव्हाच बंद पडलंय आणि आता कुठल्याच ब्राउझरमध्ये चालत नाही. ही बातमी सचिनने दिली, आणि देताना त्याला जरा बरं वाटलं असं मला वाटलं. काका बराच वेळ कव्हरवरून हात फिरवत राहिले. मग विचारलं, "ते मेलं कशानं?" सचिनने काहीतरी सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे जुनी मोटर. नवीन आणू." संध्याकाळी जावास्क्रिप्टची दोन पुस्तकं आली. खाकी कव्हर, लेबल. इयत्ता दुसरी.

व्हिडिओ बघून शिका, असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं. काकांनी एक पाहिला आणि नाद सोडला. "त्यातला पोरगा माझ्यासाठी थांबत नाही," ते म्हणाले. "पुस्तक थांबतं. मी चहाला उठलो तरी त्याच ओळीवर उभं असतं." शिवाय पुस्तकाचा लेखक दर धड्याच्या शेवटी 'अभिनंदन' म्हणायचा. काकांना ते फार आवडायचं. आयुष्य विमा कंपनीत गेलं, पण तिथे असं कुणी कधी म्हटलं नाही, असं ते मला म्हणाले होते. धडा संपला की आतून आवाज यायचा, "अगो, चहा ठेव. अभिनंदन झालं." काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या की आता अभिनंदन आठवड्यातून किती वेळा होणार, दूध पुरत नाही.

जे कळलं ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना पचत नसे, आणि दुसरी म्हणजे बहुधा मी. इव्हेंट लिसनर म्हणजे काय, हे त्यांनी मला जिन्यात उभं करून शिकवलं. "दुसऱ्या मजल्यावरच्या प्रधानवहिनी बघ. दिवसभर काही करत नाहीत. दाराशी कान देऊन बसतात. कुणाची बेल वाजली की लगेच बाहेर. त्याला इव्हेंट लिसनर म्हणायचं." तेवढ्यात आमच्या आवाजाने प्रधानवहिनींनी दार उघडलं. काका म्हणाले, "बघितलंस? चालतंय." व्हेरिएबल म्हणजे ज्याची किंमत सारखी बदलते ते. काकांनी आपल्या प्रोग्रॅममधल्या अशा एका आकड्याला सचिनचं नाव दिलं होतं.

पहिल्यांदा गडी हलला तो दिवस मला आठवतो, कारण काका बनियनवरच आमच्या दारात आले. मी धावत वर गेले. लॅपटॉपवर माड होता. तो इतका सुंदर होता की मी गप्प झाले, आणि मी गप्प होणं ही आमच्याकडे बातमी असते. बुंध्याच्या खाचा, झावळ्यांची टोकं, गड्याच्या कमरेचं फडकं, सगळं काकांनी त्या जुन्या पुतळ्यांचे फोटो काढून त्यावरून चितारलं होतं. काकांनी माडाला बोट लावलं. गडी थरथरला आणि सरळ जमिनीत गेला. पाय, कंबर, डोकं, सगळा. वर फक्त माड उरला. पुस्तकात शोधल्यावर कळलं की पडद्यावर आकडे वरून खाली वाढतात. म्हणजे वर पाठवायचं असेल तर वजा करावं लागतं. काका पुस्तकावर भयंकर चिडले. "ह्यांचं आभाळच खाली आहे," ते म्हणाले. "हे आधी सांगायला नको? पहिल्याच पानावर?" त्यानंतर आठवडाभर सोसायटीत कुणी विचारलं, काका, गडी कुठवर आला, की काकू परस्पर सांगायच्या, विहिरीत आहे.

पण गडी विहिरीतून निघाला, माडावर चढला, आणि गणपतीच्या दोन दिवस आधी काकांनी समितीला हॉलमध्ये देखावा दाखवला. सचिनने स्वतः बोट लावलं. रहाट फिरला, बैलाने मान हलवली, गडी सरसर चढला आणि शेंड्यापाशी थांबला. सचिनने पुन्हा बोट लावलं. गडी जागचा हलला नाही. सचिनने आणखी चार वेळा बोट लावलं. मग नारळ धप्पकन पडला.

"काका, हा वर जाऊन अडकतो."

"अडकत नाही. थांबतो."

"का?"

"मोटर तापते."

कुणीतरी खोकलं. सचिन अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, यात मोटर कुठंय?"

काकांनी पडद्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप उचलून त्याच्या मागेही पाहिलं. मला वाटलं, आता हे ओशाळणार. त्यांनी लॅपटॉप खाली ठेवला आणि म्हणाले, "नाहीये. ते मला माहीत आहे. पण त्याला माहीत नाही."

सचिनने बरंच समजावलं. आजकाल लोक तीन सेकंदही थांबत नाहीत, लिंक बंद झाली असं समजून निघून जातात, सोसायटीचं हसं होईल. तो चुकीचं बोलत होता असं नाही. काका म्हणाले, जाईनात का. नारळ गडी उतरवणार आहे, ते नाही. शेवटी सचिन म्हणाला की तेवढं थांबणं काढा, एका ओळीचं काम आहे, नाहीतर मी कंत्राटदाराला फोन करतो. काका इतके महिने त्या एका देखाव्यासाठी बसले होते, आणि आता तो लागायला फक्त एक ओळ पुसायची होती. त्यांनी लॅपटॉप मिटला, खाकी कव्हरं काखेत घेतली आणि म्हणाले, "मग कर फोन." आणि गेले. काकूंनी त्या रात्री भाकऱ्या जास्तच जोरात थापल्या. आवाज खालपर्यंत येत होता.

सचिनने फोन केला. पण गणपती दोन दिवसांवर, कंत्राटदाराने कुठलं तरी मोठं मंडळ घेतलं होतं. सचिन वर गेला आणि लॅपटॉप घेऊन खाली आला. एक ओळही न पुसता. वर काय बोलणं झालं ते प्रधानवहिनींनाच ठाऊक.

पहिल्या दिवशी हॉल खच्चून भरला. गडी चढला आणि थांबला. लोक चुळबुळ करायला लागले, एकाने शिट्टी मारली, सचिनने डोळे मिटून घेतले. मग माझ्याच्याने राहवेना. मी माइक ओढला. "भाविकहो, गडी वर पोचलेला आहे. तो दम खातोय तोवर बी विंगच्या पाण्याच्या वेळा ऐका." पाण्याच्या वेळा संपल्या आणि नारळ पडला. असल्या टाळ्या पाण्याच्या वेळांना याआधी कधी मिळाल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या मिनिटात मी हरवलेल्या चपला, वाढदिवस आणि गेटसमोरची पांढरी गाडी घेऊ लागले. तिसऱ्या दिवशी सचिनने माझ्या हातात चिठ्ठी दिली, त्यात प्रायोजकांची नावं होती. काका पहिल्या रांगेत बसून होते. नारळ पडला की माझ्याकडे बघून मान हलवायचे, अगदी बैलासारखी.

त्यानंतर दरवर्षी त्यात काही ना काही वाढत गेलं. कोंबडा आला, मग होडी आली. पुस्तकंही वाढली, काका पाचवीत गेले. आमच्या धाकटीच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये काही अडलं की ती वर जायची आणि दोन तासांनी खाली यायची, प्रोजेक्ट न होता, पण लाडू खाऊन. मागच्या वर्षी, अनंतचतुर्दशी होऊन गेल्यावर, काका झोपेतच गेले. उशाशी पुस्तक होतं. काकूंनी मला सांगितलं की धडा अर्धाच झाला होता, त्या दिवशीचा चहा राहिला.

शोकसभा हॉलमध्येच ठेवली. सचिनने सांगितलं की हार-फुलं नकोत, काकांचा माड लावू. भाड्याने मोठा पडदा आणला आणि त्याच्याबरोबर तो चालवणारा एक अनोळखी माणूस आला. काकूंना धरून पुढे नेलं. त्यांनी पडद्याकडे न बघता लॅपटॉपला बोट लावलं. रहाट फिरू लागला, गडी चढू लागला. मी माइकवर सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या हॉलमध्ये माझ्या सांगण्यावरून शांतता झाली. गडी शेंड्यापाशी पोचला आणि थांबला. पडदेवाल्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा लॅपटॉपकडे. बिचाऱ्याला वाटलं, ऐन वेळी मशीन अडकलं. तो चवड्यांवर चालत, वाकून, लोकांमधून पुढे आला आणि त्याने बटणाकडे हात नेला. पहिल्या रांगेत मान खाली घालून उभा असलेला सचिन त्या सगळ्या शांततेत ओरडला:

"ए, हात लावू नको, मोटर तापलीय!"