समेवरची मान

आईने मला गाणं कधी शिकवलं नाही. "गळा बापावर गेलाय तुझा," म्हणायची, "पण मान माझी घेतलीस." म्हणजे समेवर हलणारी मान. मला भारी राग यायचा. बाबा फॅक्टरीत लेथवर होते. सकाळी आंघोळ करताना ते गायला लागले की क्वार्टरची आख्खी लाइन खिडक्या लावून घ्यायची. त्या गळ्याची वारस व्हायला कोणत्या मुलीला आवडेल?

ऐकायला मात्र तिने शिकवलं, आणि तेही उलटं. तिच्या शिष्यांच्या बैठकी आमच्याच पुढच्या खोलीत व्हायच्या. मला ती गाणाऱ्याकडे पाठ आणि ऐकणाऱ्यांकडे तोंड करून बसवायची. "माना बघ," एवढंच सांगायची. तबल्याच्या सोळा मात्रा फिरून पुन्हा पहिल्या मात्रेवर येतात, ती सम. बंदिशीच्या तोंडची ओळ, म्हणजे मुखडा, दर फेरीला तिथेच येऊन टेकतो. समोर कोण बसलेलं असायचं? फॅक्टरीतले फिटर, रेल्वेतले बाबू, शेजारच्या चाची. रागाचं नाव विचारलं असतं तर एकमेकांची तोंडं बघत बसले असते. मुखडा पहिल्यांदा आला की माना गप्प. दुसऱ्यांदा एखाददुसरी हलायची. तिसऱ्यांदा मात्र सम यायच्या आधीच सगळे श्वास धरून बसायचे, आणि मग खोलीभर माना एकदम खाली! "बघितलंस? कान वाट बघायला शिकला," आई म्हणायची. अंतरा लागला, आवाज वर चढला, की माणसं जरा सैल व्हायची, कुणी खिशातून पान काढायचं. मुखडा परतला की पुन्हा सगळे सावरून बसायचे. गाणं म्हणजे दूर जाऊन घरी परत येणं, हे मला त्या मानांनी सांगितलं.

आता आईचे कान गेलेत. मशीन लावलं की आवाज येतो, सूर येत नाही. तबला तर तिला भांडी पडल्यासारखा ऐकू येतो. शिकवण्या बंद झाल्या. पनागरहून बसने येणारी शेवटची शिष्या पाया पडून गेली, त्या दिवशी आई जेवली नाही. मी दिवसभर उगाच कामवालीवर डाफरत राहिले.

आमच्याकडे दसऱ्याला सरस्वतीबरोबर तानपुऱ्याची पूजा होते, आणि पूजा झाली की आई एक बंदिश गाते. यंदा मी विषयच काढला नाही. तिनेच काढला.

"गाणार आहे मी. सम चुकली तर तानपुऱ्याला गवसणी घालीन, ती कायमची."

मी ओठ मोठ्ठे हलवून, हातवारे करून सांगितलं, अगं, भैयांच्या हाताकडे बघ ना. भैया म्हणजे आमचे जुने तबलजी.

"तो भला माणूस आहे," आई म्हणाली. "मी चुकले तर सांभाळून घेईल. तू नाही घेणार. मी तुझ्या मानेकडे बघीन."



पूजा दुपारपर्यंत आटोपली. खोलीत आई, भैया आणि मी, तिघंच. आईने मशीन काढून पूजेच्या ताटाशेजारी ठेवलं, तानपुऱ्याच्या दांडीला गाल लावून तारा छेडल्या आणि गायला लागली. सूर पार ढळला होता. माझ्या आईचा षड्ज! तो ऐकायला लांब सिहोऱ्याहून माणसं यायची. भैया मान खाली घालून ठेका धरून बसले होते. आणि त्याच फाटक्या आवाजात मुखडा उठला, वळला आणि नेमका समेवर येऊन टेकला. केसभरही इकडे-तिकडे नाही. मला एकदम भडभडून आलं. मी तोंडावर ओढणी धरली आणि मान हलवायची राहूनच गेली.

आई थांबली. "चुकलं ना?"

"नाही गं! बरोबर आलीस!" मी ओरडले. तिला कसलं ऐकू येतंय! मी जोरजोरात हात हलवले. भैयाही म्हणाले, "दीदी, सही था, बिलकुल सही." आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"समजूत नको काढू माझी. चुकलं नाही तर काहून रडून राहिली?"

तिचा हात गवसणीकडे गेला. मी ती ओढून घेतली, खाली घातली आणि सरळ तिच्यावर बसले. बोट वर केलं. पुन्हा.

मग तिने पुन्हा मुखडा उचलला. या वेळी ती भ्यायली होती. मघाशी इतकी सहज आलेली सम आता तिला दिसेना, आणि घाईघाईत ती एक मात्रा आधीच टेकली. भैयांनी ती मात्रा गिळून टाकली आणि तिच्याबरोबरच समेचा 'धा' वाजवला. आईला त्यातलं काहीच कळलं नाही. तिचे डोळे माझ्यावर होते.

मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा खोट्या समेवर, आणि चांगली छातीला टेकेपर्यंत.

आई हसली. मग माझ्याकडे बघायची गरज नसल्यासारखे तिने डोळे मिटले आणि अंतरा घेतला.