चांगल्या गुडघ्यावरचा पट्टा

"दुखणं गुडघ्यात नाही, बाई. जांघेत आहे. हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

उल्हासनगरच्या एका खासगी रुग्णालयात, तपासणीच्या पलंगावर मी उताणी पडले होते. डॉक्टरांनी माझा डावा पाय दुमडून हलकेच आतल्या बाजूला वळवला होता आणि मी ओरडले होते. त्यापूर्वीचे दोन डॉक्टर, दोनदा काढलेले एक्स-रे आणि दहा दिवसांचा शेक हे सगळे गुडघ्यावर खर्ची पडले होते.

मी "हो" म्हणाले. इतक्या हळू, की त्यांना पुन्हा विचारावे लागले.

तासाभराने त्यांनी खुब्याचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि पेन्सिलीच्या टोकाने एक पुसटशी रेघ दाखवली. निदान होते 'स्ट्रेस फ्रॅक्चर ऑफ द फेमोरल नेक'. मांडीचे हाड वर जिथे बारीक होऊन खुब्याच्या सांध्यात शिरते, त्या भागाला त्याची मान म्हणतात. तेथे एकाच जागी पुन्हा पुन्हा भार पडून हाडाला बारीक चीर गेली होती. पडावे लागत नाही, आपटावे लागत नाही. हाडाला भरून यायला सवड मिळाली नाही, एवढेच पुरते.

"चीर खालच्या बाजूला आहे म्हणून आज वाचलात," डॉक्टर म्हणाले. "पाय टेकायचा नाही. चीर सरकली तर ऑपरेशन, आत स्क्रू. आणि एवढं करून सांधा टिकेल, असं वचन मी देणार नाही."

तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. अंबरनाथ पश्चिमेच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. नववीच्या वर्गात सांगाड्याच्या तक्त्यावर छडी टेकवून फीमर, पेल्व्हिस, टिबिया अशी नावे मी न अडखळता घेत असे. त्याच हाडाला चीर गेल्यावर मात्र कुठे दुखते हे सांगायला मला अकरा आठवडे लागले. लिहिण्याची मला सवय नाही. पण माझ्यासारखा संकोची स्वभाव घेऊन कुणी उशिरा धावू लागले असेल, तर त्याने हे वाचावे, म्हणून लिहीत आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. बदलापूरच्या एका क्रीडामंडळाने जानेवारीत जोडीने करायची हौशी स्पर्धा ठरवली होती. जोडीतल्या एकाने बदलापूरहून बारवी धरणापर्यंत सायकल चालवायची आणि तिथून दुसऱ्याने जंगलातल्या डोंगरवाटेने धावायचे. तयारीसाठी दर रविवारी सकाळी सामूहिक सराव असे. शिकवायला आमच्या शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक होते. त्यांना सगळेच 'सर' म्हणत. त्यांनीच मला बोलावले. मी आयुष्यात कधी धावले नव्हते. नाही म्हणण्याचाही संकोच, म्हणून गेले. आणि तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आले की मला हे मनापासून आवडते आहे. कुणी काही बोलत नाही, पायाखाली लाल माती, आणि माझा श्वास मला ऐकू येतो. एवढे सुख मला कुठल्याही स्टाफरूममध्ये मिळाले नव्हते.

आम्ही चौदा जण होतो, त्यांत नऊ पुरुष. एकदा मोळी घेऊन निघालेल्या एका म्हातारीने आम्हांला थांबवून विचारले, "कोन लागलाय गो तुमच्या पाठी?" बँकेत रोखपाल असलेल्या साठ्यांनी उत्तर दिले, "वय लागलंय, आजी." पुढचे दोन आठवडे तोच विनोद पुरला.

माझी जोडीदार पूनम. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये तिच्या सासरचा शिलाईचा छोटा कारखाना होता. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि बोलण्यात माझ्याहून दहापट मोठी. ती सायकल चालवणार, मी धावणार. नियम असा होता, की जोडीतला एक गळाला की दुसराही गळाला. हे लक्षात ठेवावे. माझ्या मौनाला या नियमाचा मोठा आधार होता.

सरांची एक पद्धत होती. सराव संपला की सगळ्यांनी गोल उभे राहायचे आणि प्रत्येकाने आपले काय दुखते ते मोठ्याने सांगायचे. सर ते वहीत लिहीत आणि त्याप्रमाणे पुढच्या रविवारचे अंतर कमी-जास्त करीत. "लपवलेलं दुखणं माझ्या उपयोगाचं नाही," असे ते दर वेळी बजावत. कुणी पोटरी म्हणे, कुणी टाच, कुणी पाठ. साठे नेहमी "ऑल ओके, सर" म्हणत. पद्धत उत्तम होती. तिच्यात एकच उणीव होती: ती माझ्यासारख्यांसाठी केलेली नव्हती.

पाचव्या रविवारी माझी डावी जांघ दुखू लागली. चढावर कळ येई आणि थांबले की जाई. मी "काही नाही" म्हणाले. सहाव्या रविवारी तेच, सातव्यालाही तेच. आठव्या रविवारी मी लंगडत होते. सरांनी वही उघडून विचारले, "बाई, पाय कुठं दुखतोय?" चौदा जणांचा गोल होता. समोर नऊ पुरुष, त्यांतल्या दोघांच्या मुली माझ्या वर्गात. मी म्हणाले, "गुडघा."

खुबा हा शब्द मला सुचला नव्हता असे नाही. पण मग पुढचा प्रश्न 'म्हणजे नेमकं कुठं?' असा आला असता, आणि मला बोट ठेवून दाखवावे लागले असते.

एकदा गुडघा सांगितल्यावर गुडघाच सांगत राहणे भाग पडले. दोनच दिवसांत पूनम शाळेत आली. कारखान्यातल्या इलॅस्टिकचा, दुहेरी शिलाईचा एक पट्टा तिने माझ्यासाठी स्वतः शिवून आणला होता. "मॅडम, माप अंदाजे घेतलंय. टाइट झाला तर बोला, शरमायचं नाही." तो अगदी मापात बसला. त्या दिवसापासून मी एका धडधाकट गुडघ्यावर पट्टा बांधून हिंडू लागले.

घरच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, लोशन दिले आणि या वयात असे खेळ बरे नव्हेत असे सुनावले. तीन आठवड्यांत फरक पडला नाही तेव्हा त्यांनी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवले. तेथे दीड तास बाकावर बसल्यावर चार मिनिटे मिळाली. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ निघाला. तरी डॉक्टरांनी 'शॉर्टवेव्ह डायथर्मी' लिहून दिली, म्हणजे यंत्राने आतपर्यंत दिलेली ऊब. शाळा सुटल्यावर रोज वीस मिनिटे, असे दहा दिवस मी ती निरोगी सांध्याला देत बसले. आठवड्याने पुन्हा एक्स-रे झाला, तोही स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट चांगला आहे. मनावर घेऊ नका."

मला त्यांचा अतिशय राग आला. माझ्या चालण्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. दारातून टेबलापर्यंत चार पावले होती, तेवढी पाहिली असती तरी पुरे होते. पण त्या रागाचे करायचे काय? मी खोटे सांगितले होते आणि त्यांनी ते खरे मानले होते.

रविवारी मात्र मी जातच राहिले. सरांनी माझे अंतर निम्मे केले होते. मग मधल्या दिवशी शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारून मी ते भरून काढी. हा शहाणपणा कुणी शिकवला नव्हता. मार्गशीर्षातले गुरुवारचे उपासही चालूच होते. आणखी एक गोष्ट, जी मी तेव्हा स्वतःशीसुद्धा नीट बोलले नव्हते: चार महिने माझी पाळी आली नव्हती. वय झाले असेल, असे मानून मी मोकळी झाले. उलट रविवारची एक अडचण गेली, याचे बरेच वाटले.

स्पर्धेला अठरा दिवस उरले असताना शाळेच्या जिन्यात माझा पाय उचलेना. कठडा धरून मी पाऊण तास उभी होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना, कुणाची तरी वाट पाहते आहे, असे सांगत होते. अखेर शिपाई आणि मुख्याध्यापिका यांनी मला रिक्षात घातले. उल्हासनगरच्या रुग्णालयातले हे तिसरे डॉक्टर पूर्वी सैन्यात होते. नव्या रंगरुटांच्या हाडांना अशा चिरा जाताना त्यांनी पाहिल्या होत्या.

त्यांनी पडदा ओढून पाळीबद्दल विचारले. या वेळी त्यांना पुन्हा विचारावे लागले नाही. खाणे कमी, श्रम एकदम वाढलेले आणि पाळी बंद, अशा बाईचे हाड कच्चे राहू शकते, असे त्यांनी समजावले. मग आधीची फिल्म बाजूला ठेवत म्हणाले, "गुडघा दुखतो असं रोग्यानं सांगितलं तरी खुबा तपासायचा असतो. चूक एकट्या तुमची नाही." त्या वाक्याचे उपकार मी विसरणार नाही. आणि तरीही खरे सांगते, त्याने माझा राग कमी झाला नाही. तो फक्त दोन भागांत वाटला गेला.

पूनम संध्याकाळी आली. मी तिला सगळे सांगितले.

"मॅडम, सरांना नाही बोललात, ठीक आहे. डॉक्टर पण जेंट्स, चलो, ते पण ठीक. पर मेरे को? मी काय सर आहे का?"

मी म्हणाले, जोडी मोडली असती.

"आता काय, जुडली?" तिने उशाशी पडलेला पट्टा उचलला. "पागल मी. अच्छ्या घुटन्याला पट्टा शिवला. तो पण डबल सिलाई."

त्यानंतरच्या सहा आठवड्यांबद्दल सांगण्यासारखे फार नाही, आणि तेच त्यांचे दुःख. काखेत कुबड्या, डावा पाय अधांतरी. दर आठवड्याला रिक्षाने उल्हासनगर, एक्स-रे, बाक, आणि एकच प्रश्न: चीर सरकली का? फिल्म ओली असतानाच मी तंत्रज्ञाचा चेहरा वाचण्याचा प्रयत्न करी. त्याचा चेहरा कधीच काही सांगत नसे. घरी माझे पती स्वयंपाक शिकले आणि रोजचा बेत मला ऐकवूही लागले: "डोंगर चढणाऱ्यांना आज फक्त पिठलं मिळेल." मी हसत नसे. मला न्हाणीघरात जायलासुद्धा त्यांचा हात लागत होता.

स्पर्धा माझ्यावाचून झाली. सरांनी मंडळाशी बोलून नियम वाकवला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पूनमसाठी माझ्या जागी स्वतः धावले. शेवटून दुसरे आले. पूनम पेढे घेऊन आली तेव्हा मी अभिनंदन केले. मला आनंद झाला नव्हता. ती वाट माझी होती, आणि ती मी एका शब्दापायी घालवली होती.

सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली आणि पहिल्यांदाच हसले. रेघेच्या जागी पांढरट जाडी आली होती. हाड भरत होते. स्क्रू लागणार नव्हते. आधी नुसती बोटे टेकवणे, मग निम्मा भार, मग एकच कुबडी, मग काठी. चार महिन्यांनी मी शाळेचा जिना कठड्याशिवाय चढले. खाणे सुधारले, उपास सोडले, पाळी परत आली. ती आल्याचा आनंद झाला, अशी आयुष्यात एकच वेळ.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढे करा. तोंडाने सांगता येत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्या. बाईला बाई डॉक्टर हवी असेल तर तसे सांगा; पण जागा खरी सांगा. 'रिपोर्ट चांगला' असूनही दुखत असेल, तर चुकीच्या जागेचा रिपोर्ट आहे का, हे विचारा. विचारताना कानशिले तापतील. माझी आजही तापतात.

पुढच्या दिवाळीनंतर नवा सराव सुरू झाला. मला डॉक्टरांनी फक्त चालायची परवानगी दिली होती. पहिल्या रविवारी मी सगळ्यांच्या मागून, काठी न घेता, तीन किलोमीटर चालले. मग गोल झाला. तोच गोल, बरेचसे तेच पुरुष. पूनम माझ्याकडे पाहत नाही असे दाखवत होती. सरांनी वही उघडली.

"बाई?"

"डावी जांघ," मी म्हणाले. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाले. "डावी जांघ, सर. आतल्या बाजूला. उतारावर थोडी ओढ लागते."

कुणी हसले नाही. कुणी खालीही पाहिले नाही. सरांनी लिहून घेतले, उतार पंधरा दिवस बंद म्हणून सांगितले आणि पान न उलटता पुढचे नाव घेतले. पोटरी किंवा टाच लिहिताना घेत तेवढाच वेळ त्यांना लागला. ज्या क्षणाला मी वर्षभर घाबरले होते, तो एवढाच होता.

पुढचे नाव साठ्यांचे होते. ते नेहमीप्रमाणे "ऑल ओके" म्हणायला लागले आणि अर्ध्यात थांबले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले.

"सर, खरं सांगायचं तर... बसायच्या जागेला गळू झालंय. सायकलच्या सीटवर बसवत नाही. तीन आठवडे झाले."

पूनमने ओढणी तोंडाशी धरली. सरांनी मान वर केली नाही.

"डावीकडं की उजवीकडं?" त्यांनी विचारले, आणि लिहू लागले.