पहिल्या कोयत्याचा मान

आमच्या गावातल्या पुरुषांना मान खाऊन पोट भरता आलं असतं, तर एकही जण मुंबईच्या गिरणीत गेला नसता. हे मी रागाने म्हणते. लोक सांगतात, म्हातारपणी राग निवळतो. डोंबल निवळतो!

गाव पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर. वरची वाडी आणि खालची वाडी. खाली उतरायला दोन वाटा होत्या. एक खोऱ्याने वळसा घालून जाणारी, तिला अख्खा दिवस मोडायचा. दुसरी सोंडेची. डोंगराची एक धार सरळ खाली उतरते, तिला आम्ही सोंड म्हणतो. दोन्ही अंगांना दरी, मधून जेमतेम एका माणसापुरती वाट. या वाटेने दोन-अडीच तासांत पोलादपूरच्या सडकेला लागता यायचं. पण दर पावसाळ्यात ही वाट मरायची. कारवी माजायची, दगड सुटायचे, पाय ठेवायच्या जागा वाहून जायच्या. म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घरटी एक माणूस कोयता घेऊन निघायचा आणि सगळे मिळून वाट मोकळी करायचे. त्यात पहिला कोयता आमच्या घराचा. बाबांनी वाटेच्या तोंडाशी नारळ वाढवायचा, पहिला घाव घालायचा, मगच बाकीच्यांनी हात लावायचा. आजोबांच्याही आधीपासूनचा मान तो.

त्या साली गणपतीत खालच्या वाडीतला कुणीतरी बोलून गेला, "जो बारा महिने मुंबईत ऱ्हातो त्याला कसला वाटेचा मान? मान हितं ऱ्हाणाऱ्याला पायजे." बाबा गिरणीत होते. ते शब्द त्यांच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? ते दसऱ्याला आलेच नाहीत, पत्र मात्र आलं. मीच ते आईला वाचून दाखवलं. 'मी येईपर्यंत वाटेला कोणी कोयता लावायचा नाय.'

आणि गंमत बघा, कोणी लावला नाही! वरच्या वाडीने आमच्या घराचा शब्द म्हणून लावला नाही. ज्यांनी भांडण काढलं त्या खालच्या वाडीनेही देवाचा कोप नको म्हणून लावला नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. बायका डोक्यावर ओझी घेऊन दिवसभराचा वळसा घालत राहिल्या आणि बापे पारावर बसून मान कोणाचा यावर तंबाखू मळत राहिले. सोंडेवर कारवी डोक्याच्या वर गेली. मेल्यांना लाज म्हणून नाही.

मी तेव्हा सोळा वर्षांची. शाळेत उशिरा घातलेली. पोलादपूरला मामाकडे राहून सातवीपर्यंत आले होते आणि महाडला फायनलच्या परीक्षेला बसायचं होतं. फायनल पास झालेल्या मुलीला तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तरीण होता येत होतं. मला मास्तरीण व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं. आमच्या गावातली एकही मुलगी त्या परीक्षेपर्यंत पोचली नव्हती. पहिलाच पेपर गणिताचा, आणि गणितात मी वर्गात कोणाला ऐकत नव्हते.

परीक्षा शिमग्याला लागून आली. बाबा शिमग्याला आले, मलाही वळशाच्या वाटेने वर बोलावून घेतलं. परीक्षेच्या आदल्या सकाळी मी निघायला तयार, तर बाबा म्हणाले, "पालखी घरात आल्याबिगर घरातला मानूस गाव सोडत नाय." पालखी सकाळी यायची होती. पण आधी कुठल्या वाडीत नाचवायची यावरून दोन्ही वाड्या अडून बसल्या. पालखी आमच्या अंगणात आली ती दिवेलागणीला. आईने ओटी भरली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बायका म्हणत होत्या, पोरीची केवढी भक्ती!

आता वळशाने जाऊन पेपर मिळणं शक्य नव्हतं. बाबा म्हणाले, "सोंडेने उतरू. दोन तासांत पोचवतो." दीड वर्ष त्या वाटेला पाय लागला नव्हता त्यांचा, पण ऐट अशी की जणू काल झाडून आले.

उजाडायच्या सुमाराला आम्ही निघालो. बाबा पुढे, कमरेच्या आकडीत कोयता अडकवलेला, मागे मी, पाठीला दप्तर. पहिला टप्पा गवताचा होता. फाल्गुनातलं वाळलेलं गवत पायाखाली तेलासारखं सरकतं. मी बसून, घसरून, हातांनी धरत उतरत होते. परकरात कुसळं भरली. पुढे सुटे दगड. पाय टाकला की दगड आधी दरीत जायचा, मग आपण मागे पडायचो. एका जागी वाट उभीच तुटली होती, तिथे बाबांनी खाली उतरून खांदा दिला आणि मी त्यांच्या खांद्यावर पाय ठेवून उतरले. तेवढं त्यांनी केलं, नाही म्हणत नाही. मग खाजकुयली लागली. वाळलेल्या शेंगांची कूस वाऱ्याने उडून मानेवर, हातांवर बसली. अंगाची नुसती लाही झाली. दर वर्षी दसऱ्यालाच तिचे वेल मुळापासून तोडतात. त्या वर्षी कोण तोडणार? मान बसला होता ना रुसून!

आणि मग अर्ध्या वाटेवर कारवीची भिंत आली. वर एक झाड आडवं पडलेलं, खाली कारवी दाटलेली, दोन्ही बाजूंना कडा. तोडल्याशिवाय पाऊल पुढे पडणार नव्हतं.

बाबा थांबले. मी म्हटलं, "तोडा ना."

ते हलले नाहीत. म्हणाले, "नारळ नाय आणला."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "नारळ कशाला?"

"पयला घाव हाय. नारळाबिगर कोयता कसा लावू? तू हितंच बस. मी घरी जाऊन नारळ घेऊन येतो."

वर जाऊन परत यायला ऊन डोक्यावर आलं असतं. पेपर अकराला. आणि हा माझा जन्मदाता बाप सोंडेच्या मध्यावर उभा राहून नारळाची गोष्ट करत होता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात बापापुढे आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. "पाच महिने गावाला कोंडून ठेवलंत, पोट भरलं नाही? माझी परीक्षा गेली तर देव येणार आहे का पेपर लिहायला?" एवढं बोलून मी त्यांच्या आकडीतला कोयता उपसला आणि कारवीवर घातला.

बाईच्या जातीने वाटेला पहिला कोयता लावायचा! बाबा मागे सरकले. हात जोडून देवाला म्हणत होते, "पोर हाय, अजाण हाय, पदरात घे." मी तोडत होते. कारवी टणक, हात शाळेतले. तळव्याला फोड आले, फुटले. दहा-पंधरा घाव झाले असतील, तोच बाबा पुढे आले आणि म्हणाले, "आता लागला कोयता. आण हिकडं."

म्हणजे दोष माझ्या माथी लागला आणि ते मोकळे झाले. मग काय विचारता, असा सपासप हात चालवला की बघत राहावं. हेच दसऱ्याला केलं असतं तर? पण ते विचारायचं कोणी, आणि ऐकायचं कोणी.

खाली सडकेला आलो तेव्हा एसटी निघून गेली होती. पुढे एका लाकडाच्या ट्रकने घेतलं. महाडला केंद्रावर पोचलो तेव्हा पेपर संपायला पाऊण तास उरला होता. पर्यवेक्षक भला माणूस, माझ्या अवताराकडे बघून म्हणाला, "बस. पण जादा वेळ मिळणार नाही." उत्तरपत्रिकेवर तळव्याचं रक्त लागत होतं, मानेला खाज थांबत नव्हती, बोटांत टाक ठरत नव्हता. सगळी उदाहरणं मला येत होती. सगळी! निम्मी लिहून झाली आणि घंटा वाजली.

बाकीच्या विषयांत मी पास झाले. गणितात गेले, म्हणजे परीक्षाच गेली.

एवढंच असतं तर कदाचित मी गिळलंही असतं. पण बाबांनी त्याची गोष्ट केली. पुढच्या दसऱ्याला आले, नारळ वाढवला, पहिला कोयता लावला, कारण आता वाद मिटला होता. ज्या बापाने पोरीच्या शिक्षणासाठी एकट्याने सोंडेची वाट काढली त्याचा मान कोण काढून घेणार? खालची वाडीसुद्धा मान डोलवत होती. गिरणीतही म्हणे त्यांनी हेच सांगितलं. मला आईने डोळ्यांनी गप्प केलं होतं.

दिवाळी झाली आणि मला बघायला महाडकडचे पाहुणे आले. मी पोह्यांच्या बश्या ठेवत होते. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, मुलगी शिकलीय म्हणतात ती कितवी? बाबा पाय पसरून बसले आणि सुरू झाले. वाट नव्हती, कोयत्याने वाट तोडून महाडला नेली, केवढी कारवी, केवढं ते झाड. आणि शेवटी हसून म्हणाले, "आपुन आपलं काम केलं. पन गणितात डोका नाय पोरीला. बापानं वाट काढून द्यायची, डोका कुठून द्यायचा?"

पाहुणे हसले. मी शेवटची बशी हातातच धरली.

"खोटं आहे," मी म्हटलं. "वाट ह्यांनी अडवली होती. पहिला कोयता मी लावला. आणि गणित मला येत होतं."

मुलाच्या वडिलांनी चमचा बशीत ठेवला. चहा न घेताच पाहुणे उठले. आईने कपाळावर हात मारला. बाबा अंगणातूनच ओरडले, "पडला दगड पायावर! आता कोन करनार गो तुला?"

मामाने आणून दिलेला परीक्षेचा नवा फॉर्म माझ्या पेटीत होता. खाली पालकाची सही लागत होती. मी तो घेतला, दौत-टाक घेतला आणि उंबऱ्यात जाऊन बसले. म्हटलं, "ते नंतर बघू. आधी सही करा. आणि पेपरच्या आठ दिवस आधी मी खाली जाणार, तुमची पालखी आमच्या दारात येवो नाहीतर न येवो."

ते आत येईनात, मी उठेना. त्यांची जेवायची वेळ झाली, टळली. आईने दोनदा हाक मारली. अखेर ते आले, माझ्याकडे न बघता टाक उचलला आणि सही केली.