फुलाखालचं बोट

परवा डोळ्याची पट्टी सुटली. मोतीबिंदू काढला ना, आता सगळं कसं लख्ख दिसतंय. म्हणून मोबाईलमधले जुने फोटो बघत बसले, तर करडईचं फूल समोर आलं.

कऱ्हाटीच्या शेतातलं ते फूल. माझी मैत्रीण शेवंता, तिला काचबिंदूनं पार अंधुक दिसायचं. झाडावरचं फूल काही दिसत नसे. मग मी फोटो काढायचा आणि तिनं तो मोठा करून, अगदी डोळ्याला लावून बघायचा, अशी आमची रीत. त्या दिवशी वारं सुटलं होतं. फूल हलू नये म्हणून तिनं ते खालून धरलं.

"अगं, काटं हायत त्याला!"

"मला दिसत न्हाईत, म्हंजी न्हाईतच. तू काढ फोटू."

"बोट मधी येतंय तुजं," मी चिडलेच.

"यिऊ दे की. तेवढाच माजा फोटू."

शेवंता जाऊन तीन वर्षं झाली. तिचा दुसरा फोटो माझ्याकडं खरंच नाही.

परवा मी तिच्यासारखंच तो फुलाचा फोटो मोठा करून बघितला. बोटात काटा रुतलेला होता, शेजारी रक्ताचा ठिपका. फूल मात्र जरासुद्धा हललेलं नाही.